घराच्या आत न येणारा कायदा

गेल्या मार्चमध्ये आमच्या गावाकडच्या घराच्या पूर्वेच्या भिंतीतून म्हाताऱ्या गवंड्यांनी पहारीने चार दगड सैल केले, एकेक करून खाली ठेवले आणि मला जवळ बोलावलं. "मालक, हात घाला आत." मी कोपरापर्यंत हात घातला. भिंत अडीच फूट जाडीची. बाहेरच्या अंगाला घडीव दगड, आतल्या अंगालाही घडीव दगड, आणि मध्ये नुसता भराव: कपचे, मुरूम, पीठ झालेली माती, एका जागी उंदराचं बीळ. बाहेरच्या दगडाने आतल्या दगडाला कुठेच धरलेलं नव्हतं. "ही एक भिंत न्हाई," ते म्हणाले, "दोन हायत. शेजारी शेजारी हुभ्या. पानी मुरलं की भराव खाली बसतो आन् दोनी तोंडं फाकत्यात. म्हणून पोट आलंय हिला."

त्या भिंतीला टेकून आजी निवडणं-टिपणं करायची. दर दिवाळीला आम्ही तिला चुना द्यायचो आणि भिंत किती भक्कम आहे म्हणून पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात. किल्लारी गाडीने दीड-दोन तासांवर. घर चार पिढ्यांचं, दगड-मातीचं, वर माळवद, म्हणजे लाकडांवर माती टाकून केलेलं सपाट छत. ते पाडून स्लॅबचं बांधायचं नाही, आहे तेच नीट करून राहायचं, एवढं घरात ठरलं होतं. मग पहिला प्रश्न आला की याला परवानगी कसली लागते आणि हे काम बरोबर होतंय की नाही ते पाहणार कोण. या प्रश्नाच्या मागे मी जवळपास वर्षभर फिरलो. जे कळलं ते फक्त माझ्या घरापुरतं नाही, म्हणून लिहितो आहे.

कायद्याच्या पुस्तकापासून सुरुवात करतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ च्या कलम ५२ प्रमाणे गावाच्या हद्दीत इमारत बांधायची किंवा पुन्हा उभारायची तर ग्रामपंचायतीची आधी परवानगी घ्यावी लागते. प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये विकासकामांना परवानगी सक्तीची आहे, पण कलम ४३ मध्ये एक सवलत आहे: इमारतीच्या फक्त आतल्या भागाशी संबंधित असलेल्या, किंवा बाहेरच्या रूपात फारसा फरक न पाडणाऱ्या देखभालीच्या आणि फेरफाराच्या कामांना परवानगी नको. डिसेंबर २०२० पासून राज्यातल्या बहुतेक भागाला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. त्यानंतर २०२१ साली ग्रामविकास विभागाने गावठाणातल्या लोकांसाठी आणखी सोपं केलं. १६०० चौरस फुटांपर्यंतच्या बांधकामाला मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि तज्ज्ञाचा दाखला ग्रामपंचायतीत दिला की पुरे. १६०० ते ३२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतच परवानगी देणार, नगररचनाकाराच्या दारात जायला नको.

ही सवलत चांगलीच आहे. गावातल्या माणसाने दोन खोल्या बांधायला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावेत, हे चूकच होतं. पण या सगळ्या नियमांच्या डोळ्यांसमोर दोनच चित्रं आहेत. एक, मोकळ्या जागेवर उभं राहणारं नवं घर. दुसरं, पाडून टाकायचं जुनं घर. दीडशे वर्षांचं घर ज्याला दुरुस्त करून राहायचं आहे, त्याच्यासाठी या नियमांत एकच वाक्य आहे: आतलं काम असेल तर विचारायला येऊ नका.

माझं म्हणणं या एका वाक्याबद्दल आहे. जुन्या घरात माणसं मरतात ती आतल्या कामामुळे. बाहेरच्या भिंतीला रंग कोणता दिला, ओटा किती पुढे आला, याने कुणाच्या अंगावर छत येत नाही. माजघर मोठं करायचं म्हणून मधला खांब काढला, सोप्यातली भिंत फोडून शटर लावलं, माळवद उतरवून जुन्याच भिंतीवर स्लॅब ओतला, न्हाणीघराचा पाइप भिंतीतून नेला, तर छत येतं. ही सगळी कामं कायद्याच्या लेखी 'आतली' आहेत किंवा आतली म्हणून खपून जातात. कायदा रस्त्यावर उभा राहून घर पाहतो. आता गावठाणात ड्रोन फिरला, स्वामित्व योजनेत चुन्याने हद्दी आखून वरून फोटो घेतले, मिळकत पत्रिका मिळायला लागल्या. ते फार मोठं काम झालं, कारण गावठाणातल्या घराला आजवर नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नव्हता. पण ड्रोनही वरूनच पाहतो. उंबऱ्याच्या आत कुणीच येत नाही.

आत काय असतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्या भागातल्या जुन्या घराचा भार मुळात भिंतींवर नसतो. आत सागाचे किंवा बाभळीचे खांब, त्यांच्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यांच्यावर फळ्या किंवा किलच्या, मग पाला आणि त्यावर मातीचा थर. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर किती मोठं ते खणांवरून सांगतात. भिंत या सांगाड्याच्या भोवतीने उभी. तिचं काम ऊन, वारा, पाऊस आणि चोर अडवायचं. पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, चोपून घ्यायची, पन्हाळी साफ करायच्या, ही दरवर्षीची रीत. माती टाकली जाते, पण जुनी माती कुणी काढत नाही. आजोबांच्या वेळी वीतभर असलेला थर नातवाच्या वेळी हातभर होतो.

हिशेब सरळ आहे. दहा बाय दहा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे शंभर घनफूट. कोरडी धरली तरी तिचं वजन साडेचार टनांच्या घरात जातं. ओली झाली की त्याहून जास्त. आमच्या माजघरावर मोजलं तेव्हा थर दीड फूट निघाला.

आता कुणी म्हणेल, मग स्लॅबच बरा, पाच इंची स्लॅबचं वजन त्याच खोलीवर तीन टनांच्या आसपास भरतं. वजनाचं हे खरं आहे. पण तो स्लॅब टेकतो कुठे? माळवद खांबांवर टेकलेलं होतं. स्लॅब घालताना लोक खांब काढून टाकतात, कारण खोली मोकळी हवी असते, आणि स्लॅब थेट दगड-मातीच्या भिंतीवर ठेवतात. शंभर-दीडशे वर्षं जिने फक्त वारा अडवला, त्या दोन तोंडांच्या पोकळ भिंतीवर एका दिवसात तीन टन येऊन बसतात. स्लॅब ओतणारा ठेकेदार भिंतीत हात घालून पाहत नाही. वरून सिमेंटचा गिलावा होतो, त्यामुळे भिंतीतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि आतली माती पावसाळाभर ओलीच राहते. बाहेरून घर नवं कोरं दिसतं. आमच्या गावात अशी किती घरं आहेत ते मी गल्लीगल्लीने मोजलं. आकडा इथे देत नाही, कारण त्यातल्या प्रत्येक घरात माझ्या ओळखीची माणसं झोपतात.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं होतं, माणसं दमून झोपली होती. किल्लारीचा भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगात या ताकदीचे भूकंप दरवर्षी शंभराहून जास्त होतात आणि त्यातल्या बहुतेकांत कुणाचा जीव जात नाही. इथे साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली, कारण जाड भिंती दोन्ही अंगांनी फुटल्या आणि वरची माती खाली आली. त्यावेळच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. २००२ साली तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूर परिसर तिसऱ्या पट्ट्यात गेला.

किल्लारीनंतर आमच्या भागातल्या माणसांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: दगड-माती म्हणजे मरण. ज्यांनी आपल्या हातांनी ढिगारे उपसले त्यांना हे कुणी शिकवायची गरज नव्हती आणि त्यांच्या भीतीशी वाद घालायचा मला अधिकारही नाही. पण पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना जे दिसलं ते जास्त नेमकं होतं. अनेक घरांत भिंती भुईसपाट झाल्या आणि आतला लाकडी खणांचा सांगाडा उभाच राहिला. भिंती पडल्या त्या दगडाच्या होत्या म्हणून नाही, तर दोन तोंडांना बांधणारा आरपार दगड नव्हता म्हणून. गवंडी त्याला हेडर म्हणतात. भारतीय मानक संस्थेचं कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामासाठीचं मानक १९९३ चंच आहे, आयएस १३८२८. त्यात स्पष्ट लिहिलंय की दगडी भिंतीत दर दोन फूट उंचीला आणि आडव्या अंगाने जास्तीत जास्त चार फुटांवर असा आरपार दगड हवा, आणि भिंतीची जाडी दीड फुटापेक्षा जास्त नको. मातीच्या घरांसाठी वेगळं मानक आहे, आयएस १३८२७. दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी आणखी एक, आयएस १३९३५. म्हणजे काय करायचं ते या देशाला तीस वर्षांपूर्वीपासून माहीत आहे.

आणि ते करूनही दाखवलेलं आहे. भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावं नव्या जागी वसवली, ते सगळ्यांना आठवतं. त्याच पुनर्वसन कार्यक्रमात १३ जिल्ह्यांतल्या जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम झालं, ते कुणाला आठवत नाही. भिंतीत भोकं पाडून सळईचे काँक्रीटचे आरपार बंध घालायचे, कोपऱ्यांना आणि दारांच्या वर जाळीचा पट्टा मारायचा, खांब आणि तुळई यांच्या सांध्यात तिरपे टेकू द्यायचे, माळवदावरची माती कमी करायची. त्यासाठी गावोगावच्या गवंड्यांना शिकवलं. घराघरांत जाऊन समजावून सांगायला गावातल्याच बायका 'संवाद सहायक' म्हणून नेमल्या. मी ज्यांच्याकडून काम करून घेतलं ते गवंडी त्याच वेळी शिकलेले. तेव्हा ते तिशीत होते. शिकवणारा अभियंता कोण होता ते त्यांना आठवत नाही, पण बंध किती अंतरावर घालायचा ते विटीदांडूच्या मापासारखं पाठ आहे.

हे सगळं ज्ञान कार्यक्रमाबरोबर आलं आणि कार्यक्रमाबरोबर गेलं, कारण ते कुठल्याही नियमात उतरलं नाही. पैसा होता तोवर तपासणी होती. आज मी त्याच जिल्ह्यात, त्याच प्रकारच्या घरात, त्याच कामासाठी गेलो तर मला सांगितलं गेलं की आत काय करायचं ते करा, आम्हाला काही देणंघेणं नाही, आणि बाहेरची भिंत उतरवणार असाल तर नव्या बांधकामाचा प्रस्ताव टाका, शहरातल्या वास्तुविशारदाचा नकाशा जोडा. नकाशा करायला आलेल्या तरुणाने चांगुलपणाने कबूल केलं की दगड-मातीचं बांधकाम त्याला अभ्यासक्रमात कधी शिकवलंच नाही. त्याची चूक नाही. पण त्याची सही चालते आणि ज्याने चाळीस वर्षं या भिंती बांधल्या-सोडवल्या त्याचा अंगठा चालत नाही.

'बाहेरची भिंत उतरवणं' हा शब्दप्रयोग मी मुद्दाम वापरला. दगड-मातीच्या भिंतीला पोट आलं की तिची दुरुस्ती म्हणजे तेवढा भाग उतरवून, तेच दगड आरपार बंध घालून पुन्हा रचणं. दुसरा मार्ग नसतो. नियमांच्या भाषेत मात्र उतरवलं की 'पुनर्बांधणी' झाली आणि पुनर्बांधणी झाली की नव्या घराच्या अटी लागू झाल्या: रस्त्यापासून अंतर सोडा, शेजाऱ्यापासून अंतर सोडा. गावठाणातल्या बोळात, जिथे दोन घरांची भिंत एकच आहे, तिथे अंतर कुठून सोडणार?

संरक्षित स्मारकाजवळची गावं असतील तर हा घोळ आणखी घट्ट होतो. दौलताबाद किंवा वेरूळसारख्या ठिकाणी स्मारकाच्या हद्दीपासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला बंदी, पुढच्या दोनशे मीटरमध्ये नियंत्रण. २०१० च्या दुरुस्तीने शंभर मीटरच्या आतही जुन्या घराच्या डागडुजीला ना-हरकत घेऊन वाट ठेवली आहे. पण त्याच कायद्यातल्या दुरुस्तीच्या व्याख्येत बांधकाम आणि पुनर्बांधणी येत नाहीत, असं लिहिलेलं आहे. आता पोट आलेल्या भिंतीचं त्या माणसाने काय करायचं? स्मारकाचं रक्षण व्हायलाच हवं, त्यात मला शंका नाही. पण ज्या घरात माणूस झोपतो त्याची कललेली भिंत कायदेशीर मार्गाने सरळ करायची सोय त्या रक्षणाच्या आड येऊ नये.

या घोळातून लोकांनी आपली वाट काढली आहे आणि ती सगळ्यात धोक्याची आहे. दर्शनी भिंत तेवढी उभी ठेवायची. तिच्या मागचं सगळं घर पाडायचं, काँक्रीटचे खांब घेऊन नवं बांधायचं आणि कागदावर 'दुरुस्ती' लिहायचं. भिंत जागच्या जागी असल्यामुळे अंतराचा प्रश्न येत नाही. आमच्याच पेठेत असं एक घर आहे. रस्त्याच्या अंगाला दहा-अकरा फूट उंचीची दगडी भिंत, तिच्यावर कोरीव कमानीचं दार, आणि मागे दोन इंच फट सोडून काँक्रीटचं घर. आधी त्या भिंतीला मागून आडव्या भिंती आणि तुळया धरून होत्या. आता तिला कुणीच धरलेलं नाही. तिच्या सावलीत शाळेतली पोरं एसटीची वाट बघत उभी राहतात. नियमाने अंतर सोडायला लावलं रस्ता मोकळा राहावा म्हणून, आणि त्याच नियमापायी रस्त्यावर पडायला एक भिंत उभी राहिली.

पैशांची गोष्ट वेगळी नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १ लाख २० हजार मिळतात, पण नवं घर बांधण्यासाठी. पूर्वीच्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराच्या सुधारणेलाही रक्कम देता यायची. ती थोडी होती, पण वाट तरी होती. आता आहे ते घर मजबूत करतो म्हणणाऱ्याला काही नाही. ग्रामपंचायतीच्या करआकारणीत घरांची उतरंड लावलेली आहे: सर्वांत खाली झोपडी आणि मातीचं घर, मग दगड-विटा-मातीचं, मग चुना-सिमेंटचं, सर्वांत वर आरसीसी. करासाठी ती असू द्या, मातीच्या घराला कर कमी हे योग्यच आहे. पण हीच उतरंड पुढे मनात आणि कर्जाच्या कागदात उतरते. ज्या बँकेत मी दुरुस्तीसाठी कर्ज मागितलं तिथल्या साहेबांनी मला अदबीने बसवून घेतलं, चहा दिला आणि सांगितलं, "पाडून बांधणार असाल तर उद्या मंजूर करतो." मी म्हणालो, पाडून बांधायला तिप्पट लागतात. ते म्हणाले, "मग तिप्पट घ्या."

सरकारी इमारतींचंही तेच. गावातली जुनी चावडी, दगडी शाळा, धर्मशाळा गळायला लागली की प्रस्ताव जातो तो निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून पाडून टाकण्याचा. मजबुतीकरणाचा प्रस्ताव कसा करायचा ते कनिष्ठ अभियंत्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही खरे आहेत.

पहिला आक्षेप माझ्या थोरल्या चुलत भावाचा. ते म्हणतात, "तू आणखी एक परवानगी मागतोस. म्हणजे आणखी एक टेबल, आणखी एक सही, आणखी पाचशे रुपये. आत्ता निदान आपल्या घरात आपण खिळा ठोकायला मोकळे आहोत." त्यांनी तालुक्याला आयुष्यभर खेटे घातलेले आहेत, त्यांचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही. नियम वाढला की अडवणूक वाढते हा आपला अनुभव आहे. म्हणून मी परवानगी मागत नाही, तपासणी मागतो. काम सुरू करायला कुणाच्या होकाराची वाट पाहायला नको. ग्रामपंचायतीत साध्या कागदावर कळवायचं की अमुक तारखेला अमुक भिंत उघडतो आहे, आणि भिंत उघडी असताना एका जाणत्या माणसाने येऊन पाहायचं. तो ठरल्या दिवसांत आला नाही तर काम थांबणार नाही, पण न आल्याची नोंद त्याच्या नावावर राहील. महापालिकांच्या हद्दीत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्थैर्याचा दाखला घ्यावा लागतो. गावात दीडशे वर्षांच्या घराकडे कुणी ढुंकून पाहत नाही. याला मोकळीक म्हणायला माझी जीभ धजत नाही.

दुसरा आक्षेप गावातल्या अशा माणसांचा आहे ज्यांच्या वाट्याला कधी वाडा आलाच नाही. "तुमचे वाडे तुम्हाला लखलाभ. आम्ही मातीच्या एका खोलीत जन्म काढला. आम्हाला स्लॅब पाहिजे." हे ऐकून गप्प बसावं लागतं. गढ्या आणि वाडे कुणाच्या श्रमावर उभे राहिले आणि कुणाला त्यांच्या ओट्यावर चढू दिलं जात नव्हतं, ते मराठी माणसाला माहीत आहे. ज्याला नवं घर हवं त्याला ते मिळालंच पाहिजे आणि चांगलं मिळालं पाहिजे. जुन्या घरांना वारसा म्हणून शिक्के मारा, पाडू देऊ नका, असंही मी म्हणत नाही. तसा शिक्का बसणार अशी नुसती कुजबुज झाली तरी लोक रातोरात घर उतरवतील. पण दगड-मातीच्या घरात आज राहणारे सगळे वाडेवाले नाहीत. बहुतेक घरं दोन-तीन खणांची आहेत. त्यात म्हातारी माणसं राहतात, कोरडवाहू शेतकरी राहतात, ज्यांची मुलं पुण्याला गेली ते आईबाप राहतात. पाडून बांधणं त्यांच्या ऐपतीबाहेर आहे. त्यांच्यासाठी घर दुरुस्त करणं हाच एक मार्ग उरतो, आणि त्या मार्गावर कायदा त्यांना एकटं सोडतो.

मग हवं काय? राज्याच्या नियमावलीत जुन्या ग्रामीण घरांच्या दुरुस्तीचं स्वतंत्र प्रकरण. त्यात पहिलंच कलम असं असावं की आहे त्या जोत्यावर, आहे त्या उंचीपर्यंत, भिंत उतरवून पुन्हा रचणं ही दुरुस्तीच धरली जाईल आणि तिला अंतराच्या अटी लागणार नाहीत. किनाऱ्यावरच्या नियमांत याची वाट आधीच पडलेली आहे: सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, ना-विकास पट्ट्यातही जुन्या अधिकृत घराची, जोत्याचं क्षेत्र न वाढवता, पुनर्बांधणी करता येते. समुद्राकाठच्या कोळ्याला जे मिळतं ते बालाघाटातल्या शेतकऱ्याला का मिळू नये?

दुसरं, भार घेणारं काही हलवायचं असेल, म्हणजे खांब, तुळई, भार असलेली भिंत, किंवा छताचा प्रकार बदलायचा असेल, तर ते काम आतलं असलं तरी कळवणं सक्तीचं. कलम ४३ ची सवलत रंगाला, फरशीला, गिलाव्याला, कौलं बदलण्याला राहू द्या. खांबाला ती नको. आणि जुन्या मातीच्या भिंतीवर थेट स्लॅब टाकायला साफ मनाई हवी. स्लॅब हवाच असेल तर त्याला स्वतःचे खांब द्या.

पाहणार कोण, हा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही. घरकुलाच्या प्रत्येक टप्प्यावर आजही अभियंता येतो, जागेचा ठावठिकाणा असलेला फोटो काढतो, मग हप्ता सुटतो. तीच व्यवस्था दुरुस्तीलाही लावता येईल: एक फोटो भिंत उघडी असताना, एक आरपार बंध बसवल्यावर. घरकुल योजनेतच गवंड्यांना प्रशिक्षण देण्याची सोय आहे, पण तिथे नवं घर शिकवतात. त्यात जुन्या भिंतीचे आठ दिवस घाला आणि जो शिकेल त्याची सही लहान दुरुस्तीच्या कागदावर ग्राह्य धरा. किल्लारीच्या वेळी शिकलेले गवंडी आता साठी-पासष्टीत आहेत. ते आहेत तोवरच हे शिकवता येईल. आणि घरकुलाच्या रकमेतला काही भाग मजबुतीकरणाला वापरायची मुभा द्या. एवढ्याने जी घरं आज पाडली जातात त्यातली पुष्कळ वाचतील, आणि त्यांत राहणारी माणसंही.

आमच्या घराचं काम जूनच्या आधी उरकलं. माळवदावरची माती उतरवली, ती अठरा ट्रॉल्या भरली. खांबांच्या डोक्यांना तिरपे टेकू दिले. पूर्वेची भिंत उतरवून त्याच दगडांत, दोन फुटांवर एक बंध धरून, दीड फूट जाडीत पुन्हा रचली. उरलेल्या दगडांचं मागच्या अंगणाला कुंपण झालं. गवंडी काकांच्या हाताखाली गावातली दोन पोरं होती, एक बारावी झालेला आणि एक सेंट्रिंगच्या कामावर जाणारा. पहिल्या आठवड्यात त्यांना दगडाचं तोंड कोणतं आणि शेपूट कोणती ते कळत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात काका ओट्यावर बसून नुसतं बघत होते आणि पोरं ओळंबा धरून रचत होती. या सगळ्या काळात एकही अधिकृत माणूस भिंत पाहायला आला नाही. यायची कुणावर जबाबदारीच नव्हती.

आमच्या समोरच्या घराला तीन खण आहेत, खांब सागाचे, भिंतीला आमच्यासारखंच पोट. तिथल्या वहिनी रोज येऊन काम पाहायच्या. त्यांनी त्या दोन पोरांना विचारलंही की आमची भिंत अशी करून द्याल का, किती घ्याल. पोरांनी मोजून आकडा सांगितला, घरकुलाच्या निम्म्याहून कमी. गेल्या महिन्यात त्यांचं घरकुल मंजूर झालं. दुसरी जागा नाही. पुढचा हप्ता हवा तर नव्या जोत्याचा फोटो चढवावा लागणार, म्हणजे जुनं घर आधी उतरवावं लागणार. परवा त्या मला विचारत होत्या की सागाच्या खांबाला गिऱ्हाईक आहे का कुणी.